साहेबांनी उकरलेल्या कुंड्या

सतराव्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले, तर चाळीसपैकी चार कुंड्या उकरलेल्या होत्या. तीन, अकरा, अठरा आणि एकोणतीस. रोपं मोडली नव्हती, कुणी चावलीही नव्हती. नुसती आडवी पडली होती, मुळं उघडी आणि ओली माती अंगणाच्या फरशीवर उडालेली. त्या मातीत ठसे होते, पुढे चार बोटं आणि मागे एक गादी. मी पट्टी आणली, ठसा मोजला, सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर असं वहीत लिहिलं आणि मग रडायला बसले.

टोमॅटोच्या चार रोपांसाठी कुणी रडत नाही. पण मी एका रोपवाटिकेत तीन महिन्यांसाठी तात्पुरती लागले होते आणि तिथल्या मालकीणबाईंना नवं दाणेदार खत घ्यायचं की जुनंच चालू ठेवायचं, हे ठरवायचं होतं. त्यांनी स्वतः चाळीस कुंड्या भरल्या, वीसमध्ये नवं खत, वीसमध्ये जुनं. कुठल्या नंबरात काय, याची यादी पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. ही पद्धत मीच सुचवली होती. मोजणाऱ्याला माहीत असलं की त्याचा हात नकळत एका बाजूला झुकतो.

"म्हणजे स्वतःवरच विश्वास नाही तुझा?" बाईंनी विचारलं होतं.

"या बाबतीत नाही," मी म्हणाले, आणि त्यांना ते आवडलं होतं.

रोपवाटिकेच्या छपराचं काम चालू होतं, म्हणून कुंड्या आमच्या मागच्या अंगणात आल्या. आठ-आठच्या पाच रांगा. रोज सकाळी साडेसहाला प्रत्येकीला शंभर मिलिलिटर पाणी, मग कुंडीच्या काठावर आडवी काठी ठेवून तिथून शेंड्यापर्यंतची उंची. सहा आठवड्यांनी निकाल. निकाल नीट दिला तर मला कायम करायचं, असं बाई सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. त्या दिवसापासून तिथले लोक मला मोजपट्टी म्हणू लागले.

कुत्रा कुणाचा हे शोधायची गरज नव्हती. शेजारी सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि त्यांच्याकडे एक तपकिरी कुत्रा आहे. तो दिवसभर मोकळा असतो आणि गल्लीतल्या प्रत्येक घरासमोर दोन मिनिटं थांबून, नीट बघून पुढे जातो, म्हणून त्याचं नाव साहेब. सिस्टर त्याच्याशी बोलतातही तशाच, अहो-जाहो करून. त्यामुळे सगळी गल्ली त्याला मान देते, आणि मलाही सवयीने "साहेब आले होते" असंच म्हणावं लागतं.

मी पट्टी घेऊन गेले.

"साहेबांचा पाय बघायचाय? बघ की," सिस्टर म्हणाल्या. "पण आधी त्यांना विचार. न विचारता पाय धरलेला चालत नाही त्यांना."

साहेबांनी पाय दिला. सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर.

"बरं," सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "या गल्लीत एवढा पाय दुसऱ्या कुणाचा नसेलच असं नाही. पण असू दे. मी कुंपणाखालची फट बंद करते. तू रोपं परत लाव. मुळांना ऊन लागू देऊ नकोस."

त्यांनी त्याच संध्याकाळी कुंपणाखाली विटा लावल्या. साहेब बाजूला बसून बघत होते.

रविवारी कामावरून आले, तर परत तीन. या वेळी ते पुढच्या फाटकातून येऊन बोळातून मागे गेले होते. ओल्या पायांची रांगच होती. मी फाटकाला कडी बसवली. बुधवारी चार. कडी लागलेली होती आणि ते कुठून आले हे आजही मला माहीत नाही. मी रांगांभोवती जाळी उभी केली. रविवारी ती खालून उचकटलेली होती आणि अजून दोन कुंड्या गेल्या होत्या. एकूण तेरा. प्रत्येक वेळी मी रोपं परत लावत होते, आणि वहीत त्या नंबरांपुढे फुली करत होते.

आता रागापेक्षा दुसरंच काही होऊ लागलं होतं. साहेब कधीच सरळ रांगेतल्या कुंड्या उकरत नव्हते. कडेची कुंडी सोडून आत जात, दोन ओलांडून तिसरी उकरत, शेजारच्या चौथीला नाकही लावत नसत. मी कागदावर चाळीस चौकोन काढले, तेरा रंगवले आणि कागद भिंतीला लावला. त्यात काही आकार दिसेना. ऊन-सावली जुळेना. मग कंटाळून मी वही उलटी चाळली आणि बाराव्या दिवसाच्या उंच्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या. तेराच्या तेरा कुंड्या सर्वांत बुटक्या सोळांमधल्या होत्या.

मी आकडे परत तपासले. मग कुंड्यांचे नंबर तपासले. मग खाली जाऊन अंगणात उभी राहिले. कुत्र्याला रोपाची उंची कशी कळते? आणि कळली तरी त्याला काय करायचंय तिचं?

दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक होती. साहेबांचे दिवस ठरलेले होते, बुधवार आणि रविवार. मी सिस्टरांना जाऊन विचारलं, "या दोन दिवशी तुम्ही त्यांना कमी जेवायला घालता का?"

"माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज बदलला होता. "हे बघ बाळ, तुझं नुकसान होतंय, मला दिसतंय. पण तू रोज नवा प्रश्न घेऊन येतेस. पाय काय मोजलास, दात काय बघितलेस, परवा म्हणालीस त्यांची झोप किती. हे तपासणीला आलेल्या पेशंटसारखं चाललंय. त्यापेक्षा मी त्यांना भावाकडे पाठवून देते. तिथे मोकळं रान आहे."

साहेब पायरीवर झोपले होते. माझ्याकडे बघून त्यांनी शेपटी एकदा आपटली.

घरी आले तर आई माझी वाटच बघत होती. आईने तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय आणि अजून तिला समोरच्याला उभं करून बोलायची सवय आहे.

"काय बोललीस सिस्टरांना?"

"काही नाही. प्रश्न विचारला."

"दर सोमवारी येऊन मला इंजेक्शन देतात त्या. एक दिवस चुकलेलं नाही. तुझ्या टोमॅटोपायी त्यांचं जनावर घराबाहेर काढणारेस?"

"माझे टोमॅटो नाहीत ते आई, माझी नोकरी आहे ती!"

"असू दे. उकरलं तर परत लाव. दोन सोडली तर रोपं काही मेली नाहीत, उलट चांगली तरारलीत." आणि ती चहा ठेवायला निघून गेली.

ती म्हणाली ते खरं होतं आणि त्यानेच माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. मुळं उघडी पडून परत लावलेली रोपं मागे पडायला हवीत. दोन मेली, पण उरलेली अकरा बाकीच्यांपेक्षा वेगाने वाढत होती. मला वाटलं, माझाच हात झुकतोय. दया येऊन मी त्यांना दोन-तीन मिलिमीटर जास्त देत असेन. मी एकेक कुंडी तीनदा मोजू लागले. कामावर जायला उशीर होऊ लागला.

मग एक विचार आला आणि तो आल्यापासून मला झोप लागेना. नव्या खताला वास असेल. साहेबांना तो येत असेल. म्हणजे ज्या कुंड्या त्यांनी उकरल्या त्या नव्या खताच्या. म्हणजे पाकीट न उघडता मला यादी कळली, आणि तीही कुत्र्याकडून. हे खरं असेल तर त्या क्षणापासून माझं प्रत्येक माप संशयास्पद झालं होतं. आणि खोटं असेल तर मी उगाच चुकीच्या कुंड्यांकडे चुकीच्या नजरेने बघत होते. दोन्हीकडून मी नापास.

शेवटी बाईंना सांगितलं. त्या हिशेबाच्या खोलीत उभ्यानेच डबा खात होत्या.

"कुत्रा म्हणजे कुत्रा," त्या म्हणाल्या. "त्या तेरा सोडून दे. सत्तावीस राहतात. पुरेत की."

"पण त्या तेरा बुटक्या होत्या. बुटक्या काढल्या तर उरलेल्या उंचच दिसणार."

"दोन्ही खतांच्या उंच दिसतील ना?"

"दोन्ही खतांच्या सारख्याच बुटक्या निघाल्या असतील तर."

बाईंनी डबा बंद केला. "मोजपट्टी, मला पुढच्या हंगामाचं खत मागवायचंय. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांग. मला तिसरं उत्तर नको."

म्हणून मी बुधवारची सुट्टी घेतली. सिस्टरांना म्हटलं, साहेबांना पट्टा लावून आणा, आपण दोघी शेजारी उभ्या राहून बघू. ते कुठे जातात ते मला समोर बघायचंय. मग तुम्ही म्हणाल ते.

सिस्टर साडेअकराला आल्या. पांढरी साडी, पायात दवाखान्यातले आवाज न करणारे बूट. "चला साहेब," त्या म्हणाल्या, "आज तुमची परीक्षा आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "उन्हात कशाला उभ्या राहताय? आत या, सरबत देते," असं तिने दोनदा म्हटलं.

साहेब पहिली रांग ओलांडून गेले. दुसऱ्या रांगेत परत लावलेल्या अकरा नंबरला त्यांनी हुंगलं आणि सोडून दिलं. मग नाक जमिनीला लावून ते सरळ चौथ्या रांगेत गेले, आणि सत्तावीस नंबरपाशी थांबून पुढच्या पायाने माती ओढायला लागले. सत्तावीसला आजवर हात, म्हणजे पाय, लागला नव्हता. बाराव्या दिवशी ती खालून सहावी होती.

"थांबा!" सिस्टरांनी पट्टा ओढला.

मी वाकून माती उचलली. काल संध्याकाळी सगळ्या कुंड्यांची माती वरून सारखीच सुकलेली होती, सकाळी मी सगळ्यांना सारखंच पाणी दिलं होतं, आणि ऊन चढलं तशी बाकीची माती परत सुकत आली होती. ही काळीभोर होती. मी ती नाकाशी नेली. मला मातीचा वास आला, एवढंच.

साहेबांना मात्र आता कुंडीत रस नव्हता. त्यांनी पट्टा ताणत सिस्टरांना नळाकडे नेलं. तिथे कपडे धुवायच्या दगडामागे एक निळा मग पालथा घातलेला होता. साहेबांनी तो नाकाने उलथवला आणि आतून चाटायला लागले, अगदी मन लावून.

सिस्टरांनी तो मग उचलला, हुंगला आणि आईकडे बघितलं.

"मासे," त्या म्हणाल्या.

"धुतलेलं पाणी नुसतं," आई दारातूनच म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "कुठे धुतलेलं?"

"अगं, बुधवारी-रविवारी मासेवाली येते ना. धुतलेलं पाणी मोरीत घालवायचं, ते... जी अगदीच मरतुकडी होती त्यांना घातलं. एकेक पेलाभर. सगळ्यांना नाही काही!"

"आई, मी तुला सांगितलं होतं, कुंड्यांना हात लावायचा नाही."

"हात कुठे लावला? वरून ओतलं."

सिस्टरांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"आज मी घरी होते. आज कधी घातलंस?"

"तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

"पण का?"

आता आईचा आवाज चढला. "का म्हणजे? रोज बघते मी. तू येतेस, सगळ्यांना सारखं पाणी देतेस आणि बुटक्याला बुटका लिहून निघून जातेस. माझ्या वर्गात एखादं पोर मागे पडलं तर मी त्याला पुढच्या बाकावर घेतलंय, दुपारी थांबवून शिकवलंय. नुसती वहीत नोंद करून सोडून नाही दिलं कधी. ती मरायला टेकली होती आणि तू पट्टी लावत होतीस!"

"मग साहेब त्याच कुंड्या उकरतात हे तुला दिसत नव्हतं?"

"पहिल्यांदा नाही कळलं. मग वाटलं थोडं." तिने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते. "पण तू तोवर इतकी भांडायला लागली होतीस, की सांगायची सोयच राहिली नाही."

बुधवार, रविवार. त्या प्रत्येक दिवशी मी रात्री तेच मासे खाल्ले होते. वही ताटाशेजारी उघडी ठेवून, साहेबांना याच दोन दिवशी काय होतं याचा विचार करत.

सिस्टर मात्र कामाचं बोलल्या. निवृत्त झाल्या तरी त्यांचं डोकं रजिस्टर भरल्यासारखं चालतं. "हे बघ, तुझी आई काय किंवा साहेब काय, बाईंना काय फरक पडतो? लिहून टाक, शेजारच्या कुत्र्याने चौदा कुंड्यांची नासधूस केली. खोटं कुठे आहे? मी खाली सही करते. कुत्र्याची मालकीण म्हणून."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला ते पटलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

आणि खरंच, त्यात खोटं काय होतं हे मला धड सांगता येईना. साहेबांनी कुंड्या उकरल्याच होत्या. मी फक्त त्याआधीचं वाक्य गाळणार होते. सोमवारी बाईंना हो किंवा नाही मिळालं असतं, मला कायम केल्याचं पत्र मिळालं असतं, आईवर काही आलं नसतं. पण ते 'हो' किंवा 'नाही' कुठून आणणार होते मी? उरलेल्या सव्वीस कुंड्यांतून, ज्यांतल्या बुटक्या आईने निवडून बाजूला केल्या होत्या. त्या उत्तरावर बाई एका हंगामाची रोपं लावणार होत्या.

"सही नको," मी म्हणाले. "आणि साहेबांना भावाकडे पाठवू नका."

"ते मी ठरवीन," सिस्टर म्हणाल्या, पण पट्टा तेवढ्यात सोडलाही होता.

सोमवारी मी सगळं सांगितलं. मासे, निळा मग, पहिलीचा वर्ग, सगळं. बाई एकदाही हसल्या नाहीत. त्यांनी खण उघडला, पाकीट फाडलं आणि यादी माझ्यापुढे ठेवली. आम्ही दोघींनी मिळून खुणा केल्या. आईने पाणी घातलेल्या चौदांपैकी नऊ नव्या खताच्या होत्या, पाच जुन्या.

"म्हणजे नव्या खताने रोपं बुटकी राहतात," बाई म्हणाल्या.

"असेल. पण नऊ-पाच हे निव्वळ योगायोगानेही होतं. सहा वेळांत एकदा तरी."

"आणि आज दोन्हींची सरासरी?"

"जवळजवळ सारखी. पण त्यात माशाचं पाणी आहे. आणि उकरल्याचा परिणाम आहे. तो कुठल्या बाजूने आहे ते मला माहीत नाही."

"मग आता सर्वांत उंच कोण?"

मी वही बघितली. "अठरा नंबर. जुनं खत. उकरलेली. मासे."

"मग मासेच घेऊ का विकत?" बाईंनी यादी पालथी केली. "मी तुला तिसरं उत्तर नको म्हटलं होतं."

"हो."

"हे तर चौथं-पाचवं आहे." त्यांनी यादीची घडी घातली. "तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग आता मी काय करू, सांग. खरं बोललीस म्हणून कायम करू, की काम बिघडवलंस म्हणून नको म्हणू?"

प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला होता. मी दोन्ही बाजूंनी विचार करायला लागले आणि मला खरोखरच उत्तर आलं नाही. मी तसं सांगितलं.

"मलाही नाही येत," बाई म्हणाल्या. "या हंगामाला जुनंच खत. पत्र राहू दे. तात्पुरती म्हणूनच अजून सहा आठवडे राहा, पुन्हा चाळीस भरते. या वेळी इथेच, नव्या छपराखाली. आईला सांग, यायचं तर चहाला ये."

हे चांगलं झालं की वाईट, हे मला घरी सांगताना कळेना. आईने "म्हणजे काढलं नाही ना?" असं विचारलं, आणि मी हो म्हटलं.

मंगळवारी सकाळी बाई छपराखाली कुंड्या भरायला बसल्या आणि मला बाहेर पाठवलं. मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. आतून खुरप्याचा आवाज येत होता. जुन्या खताची गोणी तागाची आहे आणि नव्याची प्लास्टिकची. प्लास्टिक चुरचुरतं. तिसऱ्या कुंडीला ते माझ्या लक्षात आलं आणि पाचव्या कुंडीपर्यंत मी मोजायला लागले होते. मी दोन्ही कानांत बोटं घातली. एक गिऱ्हाईक समोर येऊन काहीतरी विचारू लागलं. त्याचे ओठ हलत होते, हात गुलाबांच्या रांगेकडे होता. मी मान हलवली, हो की नाही ते त्याला कळलं नसावं, आणि बाई दार उघडेपर्यंत तशीच उभी राहिले.